पौषात पाणी तोड

अगं, मोगरा लावायचा म्हणतेस तर रोपं पाहायला एवढ्यात नको जाऊस. आधी घरामागच्या त्या पट्टीत कुदळ मार आणि खाली काय निघतं ते पाहा. नागपुरात आपल्या रामदासपेठेत आता बंगले थोडे उरले. बंगला पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते तेव्हा बांधकामाचा मलमा कंपाउंडच्या कडेला दाबतात आणि वर चार बोटं माती पसरतात. वरून जमीन काळीभोर दिसते, खाली विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. आपल्या इकडच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडीचे पांढरे खडे असतात, त्यात हा चुना मिसळला की मोगऱ्याचं पोट बिघडतं. मातीत लोह असून त्याला ते घेता येत नाही. मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि लोक त्यावर खतामागून खत टाकत बसतात.

शंका असेल तर दोन फुटांखालची मूठभर माती वाटीत घे आणि वरून अर्धं लिंबू पीळ. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना आहे असं समज. मग दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा करून सगळा मलमा काढून टाक, त्यातला एक खडासुद्धा परत खड्ड्यात जाऊ देऊ नकोस. शेताकडची काळी माती दोन घमेली, जाड रेती एक घमेलं, चांगलं कुजलेलं शेणखत एक घमेलं, दोन मुठी निंबोळी पेंड, असं कालवून खड्डा भर. रेतीत हात आखडू नकोस. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मोगऱ्याची मुळं त्यात कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. रेती आणि शेणखत दोन्हीवर उतारा आहे. खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेव, पहिल्या दोन पावसांत ती बसतेच.

जागा पूर्वेकडची. सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत ऊन मिळालं की मोगऱ्याला पुरे, पण तेवढं मिळायलाच हवं. सावलीत पानं छान हिरवीगार होतील, कळी धरणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस. आपल्याकडची काँक्रीटची भिंत मे महिन्यात रात्री दहालासुद्धा हात लावू देत नाही. आणि एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे तेही बघून ठेव. त्याचा गरम झोत दिवसभर ज्या झाडावर जातो त्या झाडाच्या कळ्या उमलायच्या आधीच करपून गळतात.

आता रोप. जूनमध्ये मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की मगच आण. एप्रिल-मेमध्ये फुलांनी लगडलेलं रोप मोहात पाडतं, पण त्या उन्हात जागा बदलणं त्याला झेपत नाही. आपल्याकडची पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून किंवा कोलकात्याहून येतात, चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात. तो गोळा तसाच खड्ड्यात ठेवला तर मुळं गोळ्यातच फिरत राहतात, आपल्या मातीत शिरत नाहीत. रोप गोळ्यासकट बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेव आणि बोटांनी हलक्या हातानं वरची चिकण माती सोडव. सगळी नको, बाहेरची निम्मी पुरे. लावताना खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच राहू दे, जास्त खोल गाडू नकोस.

जात कोणती घ्यायची ते कशासाठी हवी त्यावर ठरव. एकेरी मोगऱ्याला वास सगळ्यात मोकळा आणि फुलं भरपूर, पण फूल दुसऱ्या दिवशी सकाळी गळतं. माठात टाकायला, देवापुढे ठेवायला तो उत्तम. हजारी मोगऱ्याला घोस येतात. मदनबाणाची कळी लांब, टोकदार, गजऱ्यात देखणी दिसते. बटमोगरा म्हणजे पाकळ्यांची गच्च गोळी. तो संथ वाढतो, फुलं मोजकी देतो, पण एक फूल खोलीभर होतं. फूल नसताना बटमोगरा ओळखायचा तर पानं बघ. इतर मोगऱ्यांना बहुतेक समोरासमोर दोन पानं असतात, याला एकेका पेरावर तीन-तीन, कधी चार पानं येतात आणि पेरंही जवळजवळ असतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस हाच भरगच्च मोगरा गोव्याहून इटलीत टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूककडे गेला, आणि आजही जगभर तो त्या ड्यूकच्या पदवीनं ओळखला जातो. तुला दोनच रोपांची जागा आहे, तर एक एकेरी लाव आणि एक बटमोगरा. दोन्हींत अडीच-तीन फूट अंतर ठेव.

पहिल्या वर्षी फार अपेक्षा नको ठेवू. त्याला मुळं पसरू दे. मी जे पुढे सांगून राहिले ते एक पावसाळा नि एक उन्हाळा जमिनीत काढलेल्या झाडासाठी आहे.

बाई, मोगऱ्याची सगळी गंमत पौषात आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडे संत्र्याच्या बागा पाहिल्यास नं? आंबिया बहार घ्यायचा असेल तर तिथे शेतकरी थंडीत झाडांचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, परक्या माणसाला वाटतं बाग वाळली. पण आत वेगळं चाललेलं असतं. पाणी नाही म्हणून नवी पालवी फुटत नाही आणि झाडानं केलेलं अन्न फांद्यांत साठत राहतं. ताण तोडून पाणी सोडलं की ते साठलेलं सगळं एकदम फुलोऱ्यात उतरतं. 2014 साली ज्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पिकवणाऱ्यांच्या घराघरांत ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. शहरात मात्र तीन गल्ल्या पलीकडचा माणूस आपल्या मोगऱ्याला बारा महिने रोज संध्याकाळी पाइप धरतो आणि फुलं का येत नाहीत म्हणून विचारतो.

मोगऱ्यालाही तोच ताण लागतो. पौष लागला की पाणी बंद कर. जमिनीतल्या झाडाचं पूर्ण बंद. तुझ्या खड्ड्यात रेती आहे, त्यामुळे चार-पाच आठवडे पुरतील. बाल्कनीतल्या कुंडीला एवढं सोसत नाही, तिला आठ-दहा दिवसांनी तांब्याभर पाणी दे, जिवापुरतं. या दिवसांत पानं तांबूस होतील, पिवळी होतील, गळतील. थंडीही त्याला आवडत नाही, आणि आपल्याकडे थंडी कमी नसते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तुझा जीव वरखाली होईल. घरी येणारा प्रत्येक जण सांगेल, अगं पाणी घाल, झाड चाललं. घालू नकोस. खरंच घालू नकोस. फांदीवर नखानं हलकं खरवड. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड ठणठणीत आहे.

एकच काळजी घे. पौष-माघात आपल्याकडे कधीकधी अवकाळी पाऊस येतो, गारा पडतात. आभाळ भरून आलं की आळ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून कडेला विटा ठेव. ताण अर्धवट तुटला तर झाड नुसती पालवी काढतं आणि बहर विस्कटतो. संत्रेवाल्यांचं त्या पावसानं मोठं नुकसान होतं. आपल्याला निदान कागद तरी टाकता येतो.

संक्रांत झाली, थंडीचा जोर ओसरला, की वसंत पंचमीच्या आसपास कोरडा, उन्हाचा दिवस पाहून छाटणी कर. सिकेटर धारदार हवं. बोथट कात्रीनं फांदी चिरडते आणि तिथून वाळत जाते. वाळलेल्या, पेन्सिलीहून बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढ. उरलेल्या जमिनीपासून दीड फुटावर तिरक्या काप, पेराच्या जरा वर. हात कचरू देऊ नकोस. मोगऱ्याचं फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं. जुनी फांदी लांबच लांब राखली तर टोकाला दोन कळ्या आणि खाली नुसत्या काड्या. जितके नवे फुटवे तितकी फुलं, आणि फुटवे कापल्याशिवाय येत नाहीत. राहिलेली पानंही हातानं खुडून टाक.

मग खुरप्यानं आळं तीन-चार बोटं खोल उकर, वरची मुळं चार-पाच दिवस उन्हाला उघडी राहू दे. त्यानंतर एका झाडाला घमेलंभर शेणखत नि दोन मुठी निंबोळी पेंड घालून माती ओढून घे. पहिलं पाणी हलकं, माती नुसती ओली होण्यापुरतं. पाच-सहा दिवसांनी दुसरं, आळं भरून. युरिया मात्र दाखवूही नकोस, त्यानं पानं माजतात आणि कळी मागे राहते. दोन-तीन आठवड्यांत पेरापेरांतून तांबूस-हिरवे डोळे फुटतील आणि गुढीपाडवा ते रामनवमीच्या दरम्यान पहिल्या कळ्या दिसतील.

कळी केव्हा तोडायची हे डोळ्यांना शिकव. कळी आधी हिरवट असते, मग फिकी पिवळसर, मग दुधासारखी पांढरी. पांढरी झाली म्हणजे लगेच तोडायची नसते. तिची मान बघ. हिरव्या दातेरी वाटीतून जी पांढरी नळी वर येते ती आदल्या दिवशी आखूड असते. जी कळी आज उमलणार तिची नळी दुपारपर्यंत लांबते, कळी फुगते आणि चिमटीत धरली की मऊ लागते. तशा कळ्या चार-पाच वाजता खुडून ओल्या पंचात गुंडाळून ठेव. दिवेलागणीनंतर आपोआप उमलतील, झाडावर उमलल्या असत्या तशाच. गजरा करायचा तर केळीच्या सोपटानं बांध, ओलं सोपट फुलांना ओलावा देतं. सुती दोरा फुलांतलंच पाणी ओढून घेतो. माठासाठी मात्र सकाळी झाडाखाली पडलेली फुलं वेचू नकोस, त्यांचा वास उडालेला असतो आणि त्यात मुंग्या असतात. रात्री उमललेली चार एकेरी फुलं धुऊन, वाळ्याच्या जुडीबरोबर माठात सोडायची आणि सकाळी काढून टाकायची. दिवसभर राहिली तर पाणी कडवटतं.

फुलं खुडली म्हणजे काम झालं असं नाही. घोस संपला की फांदी दोन पानजोड्यांसकट खाली काप. दर वेळी. तिथून दोन नवे फुटवे येतात आणि महिन्या-सव्वा महिन्यानं पुन्हा कळ्या लागतात. असं केलंस तर पाडव्याला सुरू झालेला बहर थेट पावसाळ्यापर्यंत लाटालाटांनी चालतो. लगीनसराईत बर्डीच्या नेताजी फूल बाजारातले गजरे कसे महागतात ते तुला माहीत आहेच.

उन्हाळ्याचं पाणी हे वेगळंच शास्त्र आहे. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान होतं. त्या तोलाचं ऊन दर वर्षी नसलं तरी पंचेचाळीस तर आपल्याला पाठच असतं. मोगरा उन्हाला भीत नाही, तो उन्हाळ्याचाच आहे. त्याला भीती असते ती तापलेल्या मुळांची. म्हणून मार्च संपायच्या आत आळ्यात चार बोटं तुरीचं किंवा गव्हाचं कुटार पसर, खोडापासून वीतभर सोडून. नाही मिळालं तर वाळलेला पाला घाल. सोसायटीच्या झाडांचा पाला रोज झाडून नेतात, तोच मागून घे. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. जमिनीतल्या झाडाला एक-दोन दिवसांआड पण आळं भरून, कुंडीला रोज, आणि नवतपाच्या नऊ दिवसांत कुंडीला दोनदा. आधी बोट खुपसून बघ, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं असेल तरच दे. आणि पाइप सुरू केलास की पहिलं मिनिटभर पाणी हातावर घेऊन पाहा. दिवसभर उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते मोरीत जाऊ दे, गार आलं की मग झाडाला.

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेव, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. प्लास्टिकच्या काळ्या कुंडीपेक्षा मातीची बरी. नवतपात गच्चीवर असतील तर दुपारपुरती हिरवी जाळी बांध.

एक गोष्ट आपल्या गावातच सांगावी लागते. कुलरचं उरलेलं पाणी झाडाला नको. दिवसभर वाफ उडून गेल्यावर टाकीत क्षार तेवढे उरतात. जाळीवर पांढरा थर धरतो तो त्याचाच. बोअरचं पाणी असेल तर आणखीनच. वाया जातं म्हणून जीव तुटतो हे मला कळतं, पण ते पाणी फरशी धुवायला वापर. रोज मोगऱ्याच्या बुडाशी ओतलंस तर दोन उन्हाळ्यांत पानांच्या कडा जळायला लागतील.

पानं शिरांमधून पिवळी पडली आणि माती तपासूनही चुन्याचाच त्रास निघाला, तर हिराकस आण. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, म्हणजे लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. ऊन उतरल्यावर कोवळ्या पानांवर फवार, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. कळ्यांवर उडू देऊ नकोस, आणि फरशीवर सांडलं तर तेव्हाच धू, नाहीतर गंजाचे डाग कायमचे बसतात. त्यानंही सुधारलं नाही तर विचारायला संकोच नको. महाराजबागेला लागून 1906 सालचं कृषी महाविद्यालय आहे, रामदासपेठेतून चालत जाण्याजोगं. एवढ्या जवळ जाणती माणसं असताना लोक मोबाइलवर परक्या मुलुखातले उपाय शोधतात याचं मला वाईट वाटतं. तिथली माती वेगळी, पाणी वेगळं.

किडी दोनच लक्षात ठेव. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानं निस्तेज होऊन त्यांवर पांढुरके ठिपके दिसले तर पानाखाली पांढरा कागद धर आणि टिचकी मार. कागदावर लाल ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो, म्हणून आठवडाभर रोज पहाटे पानांच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मार. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून, फवारता येतं. पण पारा चाळिशीपुढे असताना नको, पानं भाजतात.

दुसरी कळीतली अळी. न उमललेली कळी जांभळट दिसली की ती तोडून चिमटीत उघड. बाजूला टाचणीएवढं भोक, आत भुसा आणि काळ्या डोक्याची हिरवट अळी सापडेल. कधी दोन-तीन कळ्या बारीक जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यातही तीच. अशी कळी झाडाखाली टाकू नकोस, साबणाच्या पाण्यात बुडव. रोज संध्याकाळी कळ्या खुडताना एवढं केलंस तर औषधाची गरज क्वचित पडते. उमलून गेलेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळं होतं तो मात्र रोग नव्हे, ते त्याचं वय.

पाऊस लागला की आळं फोड आणि पाण्याला वाट करून दे. कुटारही काढून टाक, नाहीतर खोडाशी बुरशी धरते. जुलैत एक हलकी छाटणी आणि अर्धं घमेलं शेणखत दिलंस तर महालक्ष्म्यांच्या वेण्यांपुरती फुलं बहुधा घरची निघतात. हा बहर लहान असतो, त्याच्यावर विसंबून बाजारातली फुलं सांगायची थांबू नकोस.

आणि श्रावणात तुझ्या शेजारणींसाठी रोपं करून ठेव, कारण त्या मागणारच. छाटणीतल्या वीतभर लांब, तीन पेरांच्या, ना कोवळ्या ना जून अशा काड्या रेती-मातीत खोचल्या तर सावलीत महिना-दीड महिन्यात मुळं धरतात, पण निम्म्या मरतात. त्यापेक्षा दाब कलम खात्रीचं. जमिनीलगतची लवचिक फांदी निवड, एका पेराखाली बोटभर साल खरवड, ते पेर मातीत दाबून वर वीट ठेव आणि टोक बाहेर उभं राहू दे. आईच्या मुळांवर ती जगत राहते आणि खाली स्वतःची मुळं काढते. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून बघ. सुटून आली नाही, तर मुळं धरली. मग आईकडच्या बाजूनं कापून ती कुंडीत घे, आठवडाभर सावलीत ठेव आणि दिवाळीच्या आत ज्याला द्यायचं त्याला देऊन टाक, म्हणजे थंडी पडायच्या आधी रोप नव्या जागी रुळेल. देताना एवढं सांग, की पहिल्या पौषात याचं पाणी तोडायचं नाही, दुसऱ्या पौषापासून तोडायचं.